हरणारा संघ गाव सोडतो का?

घरचा संघ वर्षानुवर्षे हरत राहिला, तर चाहत्यांना पराभवाची सवय होते. पण हा संघ एके दिवशी शहर सोडून दुसरीकडे जाईल, या शंकेची सवय कधीच होत नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या चाहत्यांना ही शंका गेली सत्तर वर्षे छळत आली आहे, आणि भारतात मालकांच्या व्यावसायिक लीग सुरू झाल्यापासून ती इथल्या चाहत्यांच्याही वाट्याला आली आहे. महाराष्ट्रात तिचा सर्वांत कडू अनुभव पुण्याने घेतला. विदर्भाचा अनुभव याच्या नेमका उलट आहे, कारण तिथला क्रिकेट संघ साठ वर्षे करंडकाविना राहिला, तरी तो दुसरीकडे हलवण्याचा विचारसुद्धा कोणाला करता आला नाही. संघाचे हरणे आणि संघाचे जाणे या दोन गोष्टी एकमेकींना जितक्या जोडलेल्या वाटतात तितक्या त्या नाहीत, हे या दोन अनुभवांवरून दिसते. संघ कोणत्या कागदाने गावाशी बांधला आहे, यावर त्याचे राहणे अवलंबून असते.

बुलढाणा जिल्ह्यातले मोताळा हे मलकापूर–बुलढाणा रस्त्यावरचे, कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातले, नळगंगा धरणाच्या परिसरातले तालुक्याचे गाव आहे. एवढ्या गावाला स्वतःचा व्यावसायिक संघ असणे शक्य नाही, तरीही क्रिकेटच्या हिशेबात त्याला एक घरचा संघ आहे आणि तो विदर्भाचा. महाराष्ट्र राज्यात क्रिकेटच्या तीन स्वतंत्र संघटना आहेत: मुंबईची, पुण्यात मुख्यालय असलेली महाराष्ट्राची आणि नागपुरात मुख्यालय असलेली विदर्भाची. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने, म्हणजे देशातल्या क्रिकेटचा कारभार पाहणाऱ्या मध्यवर्ती संस्थेने, प्रत्येक संघटनेला ठरावीक प्रदेश दिलेला आहे, आणि त्या वाटणीत बुलढाणा जिल्हा विदर्भाकडे तर लगतचा जळगाव जिल्हा महाराष्ट्र संघटनेकडे आहे. त्यामुळे एकाच आठवडी बाजाराला येणाऱ्या, एकाच बोलीच्या छटा बोलणाऱ्या दोन गावांतल्या मुलांना रणजी करंडकात एकमेकांविरुद्ध खेळावे लागू शकते. मोताळेकराला जवळचे मोठे रेल्वे स्थानक मलकापूरचे, आणि तिथून नागपूर तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. म्हणजे घरचा संघ असला, तरी घरचे मैदान एका रात्रीच्या प्रवासाइतके लांब पडते. संघ ‘आपला’ असण्यासाठी तो जवळ असावा लागतो असे नाही, हे वऱ्हाडातल्या चाहत्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पुण्याचे प्रकरण समजण्यासाठी आधी फ्रँचाइझी ही व्यवस्था समजून घ्यावी लागते. फ्रँचाइझी म्हणजे लीग चालवणाऱ्या संस्थेने एखाद्या मालकाला, ठरलेल्या रकमेच्या बदल्यात आणि ठरलेल्या अटींवर, एका शहराच्या नावाने संघ चालवण्याचा दिलेला परवाना. बियाणे कंपनीने एखाद्या दुकानदाराला तालुक्याची एजन्सी द्यावी, तशीच ही रीत असते. दुकानावरची पाटी गावाच्या नावाची असली, तरी एजन्सी देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा असतो, आणि दोघांपैकी कोणाचेही बिनसले की गिऱ्हाईकाला न विचारता दुकान बंद होऊ शकते. चाहता या करारात कुठेच सही करत नाही. तिकीट घेणे, जर्सी घेणे आणि घसा बसेपर्यंत ओरडणे एवढाच त्याचा सहभाग असतो, आणि त्यातल्या कशानेही त्याला हक्क मिळत नाही.

2010 साली सहारा समूहाने इंडियन प्रीमियर लीगमधला पुण्याचा संघ 1,702 कोटी रुपयांना घेतला, तेव्हा तो त्या लीगमधला सर्वांत महागडा संघ ठरला होता. पुणे वॉरियर्स या नावाने 2011 पासून खेळलेल्या या संघाने पहिला हंगाम नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर काढला आणि नंतर तो पुण्याजवळच्या गहुंजेच्या नव्या मैदानावर आला. तीन हंगामांत तो दहापैकी नववा, नऊपैकी नववा आणि नऊपैकी आठवा आला; पण तो बंद झाला तो या क्रमांकांमुळे नव्हे. परवाना शुल्क आणि बँक हमी यांवरून मालक आणि क्रिकेट मंडळ यांच्यात वाद पेटला, मे 2013 मध्ये सहाराने माघार जाहीर केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंडळाने करार संपवला. पुढे 2016 मध्ये पुण्याला पुन्हा संघ मिळाला, परंतु चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांवर दोन वर्षांची बंदी आल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवरचा तो संघ होता आणि त्याची मुदत पहिल्या दिवसापासून दोन हंगामांचीच होती. 2017 मध्ये तो अंतिम सामन्यात पोहोचला आणि मुंबईकडून एका धावेने हरला; जिंकला असता, तरी तो संपणारच होता. पुण्याच्या क्रिकेट चाहत्याने अशा रीतीने सात वर्षांत एक संघ हरताना आणि एक संघ जिंकत असताना गमावला.

फुटबॉलमध्ये हीच कथा अधिक गुंतागुंतीची झाली. 2007 साली स्थापन झालेला पुणे एफ.सी. हा क्लब 2012-13 च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि 2015 मध्ये त्याचा मुख्य संघ बंद झाला, भारत एफ.सी. हा दुसरा संघ एकाच हंगामात आटोपला, डी.एस.के. शिवाजीयन्स 2017 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला. इंडियन सुपर लीगमधला एफ.सी. पुणे सिटी हा या सगळ्यांत जास्त प्रेक्षक मिळवणारा. 2014 पासून तो बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात खेळत होता, 2017-18 मध्ये त्याने उपांत्य फेरी गाठली होती आणि त्याचा चाहतावर्गही बांधला गेला होता. ऑगस्ट 2019 मध्ये आर्थिक अडचणींमुळे तो बंद झाला, लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली, अनेक खेळाडू आणि फिल ब्राउन हे इंग्रज प्रशिक्षकही तिकडे गेले, आणि त्याच जागेवर हैदराबाद एफ.सी. हा संघ उभा राहिला. पुणेकर चाहत्याच्या दृष्टीने पाहिले, तर काल आपल्या बाजूने खेळणारे पाय आज दुसऱ्या शहराच्या रंगात खेळत होते. त्याच महिन्यात दिल्ली डायनामोज हा संघही भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफ.सी. झाला, म्हणजे एकाच महिन्यात देशातली दोन मोठी शहरे अव्वल लीगच्या नकाशावरून पुसली गेली.

पुढचा भाग या विषयात सर्वांत बोलका आहे. पुण्याच्या जागेवर आलेल्या हैदराबाद संघाने मार्च 2022 मध्ये गोव्यातल्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून लीगचे विजेतेपद मिळवले. विजेता संघ तरी सुरक्षित असेल असे मानावे, तर तसेही झाले नाही. दोनच वर्षांत खेळाडूंचे पगार थकल्याच्या तक्रारी सुरू झाल्या, मालक बदलले आणि 2025 मध्ये हा संघ दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुणे ते हैदराबाद आणि हैदराबाद ते दिल्ली असा प्रवास करणारी ती लीगमधली एक जागा आहे, आणि तिच्या पाठीमागे सहा वर्षांत दोन शहरांचे चाहते रिकाम्या स्टँडसह मागे राहिले. क्रिकेटमध्ये डेक्कन चार्जर्सचेही असेच झाले होते: 2009 चे विजेतेपद मिळवलेल्या त्या संघाचा करार 2012 मध्ये रद्द झाला आणि हैदराबादची जागा नव्या मालकाला नव्या नावाने मिळाली. सुदैवाने तिथे निदान शहर तेच राहिले.

असे का घडते, याचे उत्तर लीगच्या रचनेत आहे. जगात संघटित खेळाच्या मोटामोटी दोन पद्धती आहेत. युरोपातल्या फुटबॉलमध्ये लीगच्या पायऱ्या असतात; खालच्या क्रमांकावर राहिलेला संघ पुढच्या हंगामात खालच्या पायरीवर उतरवला जातो आणि खालचा विजेता वर चढतो, ज्याला बढती-पदावनती म्हणतात. या पद्धतीत हरणाऱ्या संघाला शिक्षा होते ती दर्जाची. गाव मात्र त्याच्याकडेच राहते. अमेरिकेत आणि भारतातल्या फ्रँचाइझी लीगमध्ये लीग बंद असते, म्हणजे संघांची संख्या ठरलेली असते आणि तळाचा संघही पुढच्या वर्षी त्याच पायरीवर खेळतो. इथे मालकाचा दर्जा सुरक्षित असतो आणि त्याची किंमत गावाला मोजावी लागते, कारण खाली उतरण्याची भीती नसलेल्या मालकाकडे नुकसान थांबवण्याचा एक सोपा मार्ग उरतो, तो म्हणजे जागा उचलून दुसऱ्या शहरात नेणे. पहिल्या पद्धतीत गाव वाचते आणि दर्जा जातो, दुसऱ्या पद्धतीत दर्जा वाचतो आणि गाव जाते. चाहत्याची काळजी मुख्यतः दुसऱ्या पद्धतीची निर्मिती आहे.

बेसबॉल हे या पद्धतीचे मूळ पीठ. महाराष्ट्रात हा खेळ शालेय स्पर्धांतल्या सॉफ्टबॉलमुळे थोडाफार परिचित आहे: गोलंदाजासारखा एक खेळाडू चेंडू फेकतो, फलंदाज तो टोलवून चौकोनाच्या कोपऱ्यांवरच्या चार तळांना फेरी घालतो आणि पूर्ण फेरीला एक धाव मिळते. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च लीगमध्ये आज 30 संघ आहेत, आणि संघ हवा असणारी शहरे त्याहून जास्त आहेत. संख्या मुद्दाम कमी ठेवलेली असल्यामुळे प्रत्येक मालकाच्या हातात एक हुकमी पान असते: नवे स्टेडियम सरकारी पैशांतून बांधून द्या, नाहीतर दुसरे शहर वाट पाहत आहेच. या लीगला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट देणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1922 चा निकाल अजूनही मुळात टिकून आहे, ही गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही चकित करते.

1903 पासून पन्नास वर्षे या लीगमधला एकही संघ हलला नव्हता. 1953 मध्ये बॉस्टनचा ब्रेव्हज संघ मिलवॉकीला गेला आणि दार उघडले. विमानप्रवासामुळे पश्चिम किनारा एका दिवसाच्या टप्प्यात आला, दूरचित्रवाणीने नव्या बाजारपेठा दाखवल्या, आणि 1957 च्या हंगामानंतर न्यूयॉर्कमधले दोन संघ एकदमच कॅलिफोर्नियात गेले. त्यातला ब्रुकलिनचा डॉजर्स संघ दोन वर्षांपूर्वीच, 1955 मध्ये, विजेता ठरला होता आणि पैसाही मिळवत होता. मालक वॉल्टर ओ’मॅली यांना ब्रुकलिनमध्ये हवी ती जागा नव्या मैदानासाठी मिळाली नाही आणि लॉस एंजेलिसने ती देऊ केली, एवढेच त्यामागचे कारण. तेव्हाची मुले आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांचा राग अजून उतरलेला नाही.

ओकलंडचे प्रकरण ताजे आहे आणि हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांना वाटणारी भीती त्यात सर्वांत उघडपणे दिसते. ॲथलेटिक्स हा संघ मुळात फिलाडेल्फियाचा, 1955 मध्ये तो कॅन्सस सिटीला आणि 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ओकलंड या कामगारवस्तीच्या शहरात आला. तिथे त्याने 1972, 1973, 1974 आणि 1989 अशी चार विजेतेपदे मिळवली; थोड्या पैशांत आकडेवारीच्या जोरावर चांगला संघ बांधण्याच्या त्याच्या प्रयोगावर ‘मनीबॉल’ हे पुस्तक आणि पुढे चित्रपटही आला. 2023 च्या हंगामात मात्र या संघाने 162 पैकी 112 सामने गमावले. चाहत्यांचा आरोप असा होता, की मालक जॉन फिशर यांनी चांगले खेळाडू विकून आणि मैदानाची दुरवस्था होऊ देऊन प्रेक्षक मुद्दाम घटवले, जेणेकरून ‘इथे कोणी येतच नाही’ असे म्हणत लास वेगासला जाता यावे. आरोपातला ‘मुद्दाम’ हा शब्द सिद्ध करणे अवघड आहे. पण मैदान रिकामे राहिल्याने मालकाचा युक्तिवाद बळकट होत होता, हे उघड होते.

म्हणून 13 जून 2023 रोजी चाहत्यांनी उलटा बहिष्कार नावाचा प्रयोग केला. नेहमीच्या बहिष्कारात प्रेक्षक मैदानाकडे पाठ फिरवतात. इथे त्यांनी मैदान भरून दाखवायचे ठरवले, आणि एरवी काही हजार प्रेक्षक येत असत तिथे मंगळवारच्या संध्याकाळी 27,759 लोक आले, अनेकांच्या हिरव्या शर्टांवर मालकाने संघ विकावा अशी एका शब्दाची मागणी होती. संघाने तो सामना जिंकलासुद्धा. त्याच सुमारास नेवाडा राज्याच्या विधिमंडळाने लास वेगासच्या नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक निधी मंजूर केला, आणि नोव्हेंबरमध्ये लीगच्या सगळ्या मालकांनी एकमताने स्थलांतराला मान्यता दिली. 26 सप्टेंबर 2024 च्या अखेरच्या घरच्या सामन्याला 46,889 प्रेक्षक होते. लास वेगासचे मैदान 2028 मध्ये तयार व्हायचे आहे, तोवर हा संघ सॅक्रामेंटो शहरातल्या सुमारे चौदा हजार प्रेक्षकांच्या छोट्या मैदानावर खेळतो, आणि सध्या आपल्या नावापुढे कोणत्याच शहराचे नाव लावत नाही. बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल असे तिन्ही खेळांचे संघ ओकलंडने पाच-सहा वर्षांत गमावले. चाहत्यांनी जे करता येणे शक्य होते ते सगळे केले, आणि निकालावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. मतदानाचा अधिकार ज्या तीस जणांना होता, त्यांत ओकलंडचा एकही प्रेक्षक नव्हता.

आता विदर्भ. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1957-58 च्या हंगामात विदर्भ या नावाचा संघ रणजी करंडकात उतरला; म्हणजे इथे संघाने गाव बदलले नाही, गावांनीच राज्य बदलले. त्यानंतरची कित्येक दशके हा संघ दुबळ्या संघांत गणला गेला. रणजी स्पर्धेत वरचा गट आणि प्लेट गट अशी विभागणी झाली, तेव्हा विदर्भाने अनेक हंगाम प्लेट गटात, म्हणजे खालच्या पायरीवर, काढले. प्रेक्षक तुरळक, वृत्तपत्रात दोन ओळी, भारतीय संघात कोणी नाही अशी अवस्था होती. विदर्भ संघातून खेळणाऱ्या उमेश यादवला कसोटी पदार्पण मिळाले ते 2011 मध्ये. फ्रँचाइझी लीगमध्ये असता, तर अशा संघाची जागा केव्हाच एखाद्या श्रीमंत शहराकडे गेली असती. पण रणजी संघ प्रदेशाच्या संघटनेचा असतो, त्याला विकत घेता येत नाही आणि प्रदेश उचलून नेता येत नाही, त्यामुळे हरण्याची सगळी वर्षे संघाने तिथेच काढली.

त्या स्थैर्याचा उपयोग मात्र संघटनेने करून घ्यावा लागतो, आणि नागपूरच्या संघटनेने तो मैदान, अकादमी आणि प्रशिक्षण यांत पैसा घालून करून घेतला. 2008 मध्ये जामठ्याचे नवे स्टेडियम उभे राहिले. सिव्हिल लाइन्समधले जुने मैदान शहरात आणि नवे वर्धा मार्गावर शहराबाहेर, अशी त्या वेळी नागपुरातल्या प्रेक्षकांची कुरकुर होती, जी मोताळ्याच्या प्रेक्षकाला थोडी गमतीची वाटावी. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली आणि फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरमध्ये दिल्लीला नऊ गडी राखून हरवत पहिला रणजी करंडक जिंकला, ज्यात रजनीश गुरबानीची हॅटट्रिक गाजली. पुढच्याच हंगामात सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून तो राखला, आणि मार्च 2025 मध्ये अक्षय वाडकरच्या संघाने केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसऱ्यांदा तो मिळवला. त्या हंगामात हर्ष दुबेने 69 बळी घेऊन स्पर्धेच्या एका हंगामातला विक्रम केला.

या यशाच्या आगेमागेच विदर्भाच्या वाट्याला एक वेगळी भीती आली होती, जी फारशी चर्चिली गेली नाही. क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी 2016 च्या अहवालात ‘एक राज्य, एक मत’ असे तत्त्व सुचवले आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये ते मान्य केले. महाराष्ट्रातल्या तीन संघटनांपैकी एका वेळी एकीलाच क्रिकेट मंडळात मताधिकार राहणार, असा त्याचा अर्थ होता. संघ खेळत राहणार होते, त्यांचे सामने बंद होणार नव्हते. तरीही मताधिकार नसलेल्या प्रदेशाकडे पैसा, सामने आणि निवड यांत दुर्लक्ष होईल ही शंका रास्त होती. 9 ऑगस्ट 2018 रोजी न्यायालयाने ती अट मागे घेतली आणि मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ या तिघांचे पूर्ण सदस्यत्व कायम ठेवले. पहिला करंडक जिंकून सात महिने झाले होते. प्रदेशाच्या संघालाही काही धोका असतोच, एवढे त्यावरून लक्षात येते. फक्त तो बाजारातून न येता कायद्याच्या मसुद्यातून येतो.

संघ जाणे आणि सामने जाणे यांतही फरक केला पाहिजे. 2010 मध्ये तेलंगण आंदोलनामुळे डेक्कन चार्जर्सचे काही घरचे सामने नागपूरला आले आणि जामठ्याला काही दिवस उसना घरचा संघ मिळाला. 2016 मध्ये उलट झाले: लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत असताना मैदानांवर पाणी मारण्यास मुंबई उच्च न्यायालयाने हरकत घेतली, 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश झाला, आणि पंजाबच्या संघाने दुसरे घर म्हणून निवडलेल्या नागपूरच्या हातचे सामने गेले. दुष्काळाची ओळख असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात त्या आदेशाबद्दल फारसे दुःख झाले असण्याचे कारण नव्हते. 2018 मध्ये कावेरी आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने गहुंजेला आले, तेव्हा संघाने सुमारे हजार चाहत्यांना खास रेल्वेने पुण्याला आणले आणि त्याच वर्षी विजेतेपदही मिळवले. परत यायचे ठरलेले असले, की चाहता लांबचा प्रवासही आनंदाने करतो.

याहून विचित्र प्रकार म्हणजे नाव गावाचे आणि सामने दुसरीकडे. 2023 मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, सोलापूर यांच्या नावाचे संघ उतरले आणि पहिल्या हंगामाचे सगळे सामने गहुंजेलाच झाले. प्रो कबड्डी लीगचा 2025 चा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली इथे खेळला गेला, त्यामुळे पुणेरी पलटण आणि यू मुंबा यांच्या चाहत्यांना आपला संघ फक्त पडद्यावर दिसला. असा संघ हलवण्याची गरजच उरत नाही, कारण तो मुळात कुठे राहतच नाही. मोताळ्यासारख्या गावाला मात्र हा बदल सर्वांत कमी जाणवतो. तिथला चाहता पहिल्यापासून दूरचित्रवाणीवरच सामना पाहत आला आहे.

चाहत्यांच्या हातात खरोखर काही असते का, याची उदाहरणे थोडी आहेत, पण आहेत. अमेरिकन फुटबॉलमधला ग्रीन बे पॅकर्स हा संघ सुमारे एक लाख वस्तीच्या शहराचा आहे, आणि तो तिथून हलला नाही याचे कारण म्हणजे 1923 पासून तो सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे. त्या भागांवर लाभांश मिळत नाही, ते बाजारात विकता येत नाहीत, आणि आज पाच लाखांहून अधिक लोकांकडे ते आहेत. जर्मनीतल्या फुटबॉल क्लबांमध्ये 1998 पासून साधारणपणे निम्म्याहून अधिक मते सभासदांकडे असण्याचा नियम आहे. महाराष्ट्रात सूतगिरण्या, साखर कारखाने, दूध संघ आणि बँका सभासदांच्या मालकीने उभ्या राहिल्या, पण वरच्या लीगमधला एकही व्यावसायिक संघ तसा उभा राहिला नाही. सहकाराचे गुणदोष जवळून पाहिलेल्या समाजाने हा विचार कधी गंभीरपणे केला नाही, याचे थोडे नवल वाटते.

इंग्लंडमध्ये लंडनच्या विम्बल्डन क्लबला 2002 मध्ये सुमारे नव्वद किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्स इथे जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, सार्वजनिक मैदानावर निवड चाचणी घेऊन खेळाडू निवडले आणि नवव्या पायरीपासून सुरुवात केली. 2011 मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि 2020 मध्ये जुन्या मैदानाच्या शेजारी स्वतःच्या नव्या मैदानावर परतला. हे शक्य झाले ते तिथे बढतीची शिडी असल्यामुळे. बंद लीगमध्ये पुण्याच्या चाहत्यांनी असाच क्लब काढला असता, तरी त्याला वर जाण्याची वाट आपोआप मिळाली नसती.

संघ गेल्यावर त्याचा इतिहास कोणाचा, हा वाद शेवटी उरतो. विम्बल्डनच्या जुन्या करंडकांवरचा हक्क मिल्टन कीन्सच्या क्लबने 2007 मध्ये लंडनच्या मर्टन विभागाकडे सोपवला. क्लीव्हलंडचा अमेरिकन फुटबॉल संघ 1996 मध्ये बाल्टिमोरला गेला, तेव्हा शहराने भांडून नाव, रंग आणि विक्रम स्वतःकडे ठेवून घेतले आणि 1999 मध्ये ते नव्या संघाला दिले. ओकलंडची चार विजेतेपदे मात्र संघाबरोबर निघून गेली. पुण्याच्या बाबतीत कोणी भांडलेही नाही: हैदराबादच्या क्लबने आपला इतिहास 2019 पासून मोजला, आणि बालेवाडीत पाच हंगाम खेळलेल्या संघाचे गोल, विजय आणि एकमेव उपांत्य फेरी आज लीगच्या कोणत्याही चालू संघाच्या खात्यावर नाहीत.